शार्कसाठी केलेला डबा

भिलाईपासून समुद्र कुठल्याही दिशेनं गेलं तरी लांबच. आमच्या सेक्टरमधल्या बहुतेकांनी तो पाहिला नव्हता, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांनी तो पुरीला, धोतर गुडघ्यापर्यंत उचलून. त्यामुळे मी समुद्रात खोल उतरून शार्क माशांचे फोटो काढायला जातो हे पसरलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला पहिला प्रश्न विचारला तो असा, 'तिकडं त्याले जेवाले काय भेटते?' मला तो प्रश्न अजूनही शहाणपणाचा वाटतो. बाकी सगळे विचारतात, 'भीती नाही वाटत?' आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच मान हलवून 'बाप रे' म्हणतात. असल्या लोकांशी मी फार वेळ बोलत नाही. भीती वाटते. ज्याला वाटत नाही त्याच्याबरोबर मी पाण्यात उतरणारही नाही.

मला सांगायचं आहे ते बाबांबद्दल. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे आमच्या भाषेत प्लांटमध्ये, पॉवर हाउसच्या बॉयलरवर होते. वर्ध्याकडच्या एका खेड्यातून तरुणपणी भिलाईला आले, हेल्पर म्हणून लागले आणि चढत चढत फोरमन झाले. वाफ हा त्यांचा विषय. कुठल्या जोडातून वाफ गळते ते त्यांना लांबून, नुसत्या आवाजावरून कळायचं. घरी आले तरी कान तसेच उघडे. आईचा कुकर शिट्टीच्या आधी फुसफुसला की बाहेरच्या खोलीतून हाक यायची, 'गॅस्केट गेलं व!' आणि आई म्हणायची, 'तुमचा प्लांट प्लांटमंधीच ठेवा न.' जी वस्तू दाब सहन करते ती चांगली, असं त्यांचं वस्तूंबद्दलचं मत होतं. माणसांबद्दलही बहुधा तेच असावं.

त्या हिशेबानं मी काही चांगला माल नव्हतो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आपटलो आणि कॅम्प-१ मधल्या एका फोटो स्टुडिओत जाऊन बसायला लागलो. लग्नाचे फोटो, मुंजीचे फोटो, नोकरीच्या अर्जाला लावायचे फोटो. स्टुडिओवाल्यानं मला डार्करूममध्ये घातलं आणि तिथं माझं भलं झालं. अंधारात काम करायला मला आवडायचं, कारण तिथं कोणी 'पुढं काय करणार?' असं विचारत नसे. माझ्याजवळ स्वतःचा एक रशियन कॅमेराही होता. आपल्या देशी परत जाणाऱ्या, प्लांटमधल्या एका रशियन इंजिनिअरच्या घरून मी तो विकायला काढलेल्या मिक्सर आणि खुर्च्यांच्या गर्दीतून उचलून आणला होता. विटेसारखा जड, आणि विटेइतकाच टणक.

आमच्याच लाइनीत एक मल्याळी कुटुंब राहायचं. त्या काकांचा भाऊ मालदीवच्या एका बेटावरच्या हॉटेलात स्टोअर सांभाळायचा. तिथं येणारे परदेशी पाहुणे पाण्याखाली फोटो काढायचे आणि संध्याकाळी लगेच पाहायला मागायचे. फिल्म धुणारा माणूस हवा होता. हिवाळ्याच्या मोसमापुरतं काम. आईला वाटलं, स्टुडिओच तो, फक्त लांबचा. मी गेलो.

त्या बेटावर दिवसभर लोकांनी पाहिलेले मासे मी संध्याकाळी रसायनात धूत बसायचो. महिनाभर तसं केल्यावर माझं डोकं फिरलं. दुसऱ्यांनी पाहिलेलं आपण किती दिवस धुवायचं? तिथं पाहुण्यांना बुडी शिकवणारा एक जर्मन होता. त्याच्या बायकोचे फोटो मी छान छापून दिले होते, त्यामुळे त्यानं मला फुकट शिकवायचं कबूल केलं. टाऊनशिपच्या तलावात पोहायची सवय होतीच. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली गेलं की पाण्यात श्वास घेता येतो, ही गोष्ट मला पहिल्या दिवशी खोटी वाटली, दुसऱ्या दिवशी चमत्कार वाटली, आणि तिसऱ्या दिवशी मी तिच्यावाचून राहू शकेन असं वाटेना.

मोसम संपत आला तेव्हा त्यानं मला दोन बेटांमधल्या एका खोल वाटेवर नेलं. कोळ्यांच्या होड्या तिथं मासे साफ करून आतडी पाण्यात टाकतात, आणि त्या वासानं मोठे शार्क येतात. आम्ही वाळूवर गुडघे टेकून थांबलो. आधी काहीच नव्हतं. मग निळ्यातून एक डाग आला, मोठा झाला, आणि त्याला डोकं फुटलं. टायगर शार्कची मादी होती ती. अंगावर पुसट पट्टे, जबडा रुंद, आणि पोट इतकं भरदार की तिला कशाची घाई असेल असं वाटतच नव्हतं. ती आमच्यापासून बैलगाडीभर अंतरावरून गेली. जाताना तिचा डोळा माझ्यावर फिरला. त्या डोळ्यात राग नव्हता, भूक नव्हती, खरं तर माझ्यासाठी खास काहीच नव्हतं. आयुष्यभर कोणी ना कोणी माझ्याकडून काही ना काही अपेक्षा ठेवून पाहिलेलं. असं निव्वळ पाहणं मला नवीन होतं. मी वर आलो तो पक्कं ठरवून, की हिचा फोटो मी काढणार आणि हेच काम करणार.

घरी येऊन मी हे सांगितलं. आईनं आधी ऐकून घेतलं आणि मग पदर तोंडाला लावला. बाबांनी ताट बाजूला सारलं. त्याच आठवड्यात माझं प्लांटमधल्या ट्रेनीच्या जागेसाठी नाव लागलं होतं. बाबांनी कोणाकोणाला नमस्कार करून ते लावून घेतलं होतं ते मला नंतर कळलं. प्लांटमध्ये चिकटलं की मुलगा मार्गी लागला, असं आमच्या सेक्टरमध्ये प्रत्येक घरात मानत. त्यात चूक काही नव्हतं. त्या प्लांटनंच आम्हाला छप्पर दिलं होतं, शाळा दिली होती.

'त्या माश्याचा फोटो काढून कोनाचं पोट भरते?' बाबांनी विचारलं.

'त्या लोकांचं भरतं बाबा. मासिकं विकत घेतात. पण पाण्यात जाणारा कॅमेरा माझ्याकडं नाही. आपल्या कॅमेऱ्याला पाणी न शिरणारा डबा पाहिजे, आणि तो विकत घेणं आपल्याला झेपणार नाही.'

मग मी अपेक्षाही केली नव्हती असा प्रश्न आला. 'किती खोल जातं तू?'

'वीस-पंचवीस मीटर.'

'मंग प्रेशर किती?'

मी सांगितलं, दोन-अडीच किलो. प्लांटमध्ये दाब किलोतच बोलतात, चौरस सेंटिमीटरला किती किलो ते. बाबा हसले. इतके मोकळे हसले की आई स्वयंपाकघरातून डोकावली. 'अडीच किलो? अरे, एवढं तं आमच्या इथं गळतीत जाते. मले वाटलं काय मोठं हाय.'

आणि मग त्यांनी सौदा मांडला. 'डब्बा मी करून देतो. तू त्या मोठ्या माश्याचा एक फोटो आन. चांगला आला तं मी समजीन हे काम हाय, मंग मी आडवा येनार नाई. नाई आला तं चुपचाप प्लांटमंधी जॉइन व्हाचं. मंजूर?'

'त्याले नाई म्हनाले पायजे, तं तुमी डब्बा करून देऊन राहिले?' आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. पण बाबांसमोर कोणी दाबाचा प्रश्न ठेवला की त्यांना नाही म्हणता येत नसे.

जामुलकडे त्यांच्या ओळखीच्या एका माणसाची ओतकामाची लहानशी शेड होती. सिमेंटच्या पांढऱ्या धुळीत उभी. सुट्टीच्या दिवशी आम्ही सायकलवर तिकडं जायचो. अ‍ॅल्युमिनियमचा डबा ओतून झाला, खरादावर, म्हणजे लेथवर, साफ झाला. बटण दाबायला आणि फिल्म पुढं सरकवायला दोन दांड्या आत जात होत्या, त्यांच्याभोवती ग्रीस लावलेला दोर आवळून बसवला. पुढं कॅमेऱ्याला पाहायला जाड अ‍ॅक्रिलिकची काच, आणि धरायला दोन्ही बाजूंना मुठी.

काच कशी बसवायची ते बाबांनी मला समजावून सांगितलं. बॉयलरच्या पोटात माणूस उतरायला एक भोक असतं. त्याचं झाकण बाहेरून लावत नाहीत, आतून लावतात. मग वाफ जितकी ढकलेल तितकं ते घट्ट बसतं. आईच्या कुकरचंही तसंच होतं, झाकण तिरकं करून आत घालायचं. 'प्रेशरलेच कामाले लावाचं,' बाबा म्हणाले. 'स्क्रू फक्त जागेवर धराले.' त्यांनी काच आतून बसवली आणि मागून बारीक स्क्रूंनी धरली. मला ते फार हुशारीचं वाटलं.

मग टेस्ट. प्लांटमध्ये कुठलाही नवा पाइप, कुठलंही भांडं घ्यायच्या आधी त्यात पाणी भरून पंपानं दाब देतात. आमच्या अंगणात तोच सोहळा झाला. बाबांच्या शिफ्टचे चार-पाच जण आले, आईनं सगळ्यांना पोहे केले. डब्यात पाणी भरलं, हातपंप जोडला, आणि काटा अडीच किलोवरून पाचवर नेला. सगळे डब्याभोवती उकिडवे बसले. एक थेंब नाही. एका छत्तीसगढी फिटरनं काचेवर टिचकी मारली आणि म्हणाला, 'ये तो बम से भी नइ खुलय, दादा.' त्या दिवशी बाबांनी दोनदा चहा मागितला. नंतर डबा, आत कोरडा कागद घालून, अंगणातल्या टाकीत बुडवून ठेवला. कागद कोरडाच निघाला. प्लांटच्या साहेबांशी बोलून त्यांनी माझ्या जॉइनिंगला मुदत मागून घेतली.

मी तो डबा मांडीवर घेऊन अर्धा देश रेल्वेनं गेलो. सामानाच्या फळीवर ठेवायला जीव होईना.

त्या वाटेवर पुन्हा गेलो तेव्हा पाणी स्वच्छ होतं. वीस मीटरवर वाळू. मी गुडघे टेकले, डब्यावर लावलेल्या तारेच्या चौकटीतून समोर पाहिलं आणि वाट पाहत बसलो. ती आली. आधीचीच होती की दुसरी, कोण जाणे. मी आधीचीच मानली. सरळ माझ्याकडे येत होती. मी बटणावर अंगठा ठेवला, आणि त्याच वेळी हातात काहीतरी 'ठक्' झालं. आवाज ऐकू आला नाही, तळव्यांना कळला. पाहतो तर काच जागेवर नाही. डबा पाण्यानं भरला होता आणि माझा रशियन कॅमेरा आत बुडून बसला होता. माझ्या तोंडातून शिवी गेली, ती बुडबुडे होऊन वर गेली. शार्क कुठं वळली ते मी पाहिलंसुद्धा नाही. डबा छातीशी धरून वर आलो आणि होडीत पडून राहिलो. जर्मननं कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवला, पण ते मेलेल्याच्या तोंडात गंगाजल घालण्यासारखं होतं.

दुर्ग स्टेशनवर बाबा घ्यायला आले होते. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. घरी येऊन हातपाय न धुताच त्यांनी अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि डबा उघडला.

'काच कोठी गेली?'

'आत गेली बाबा. कॅमेऱ्यावर येऊन पडली.'

'आत?'

'हो, आत.'

त्यांनी काच हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग त्यांनी ती डब्याच्या भोकाला आतून लावून धरली आणि बाहेरून तळहातानं ढकलली. काच सहज मागं गेली. पुन्हा लावली, पुन्हा ढकलली. त्यांचे कान लाल झाले. 'पानी बाहेरून दाबते,' ते म्हणाले. कोणाला सांगत होते, कळलं नाही. सगळं आयुष्य त्यांनी आतून बाहेर पडू पाहणाऱ्या गोष्टी रोखून धरल्या होत्या. बाहेरून आत येणाऱ्याचा त्यांना कधी विचारच करावा लागला नव्हता. आणि एकट्या त्यांनाच कशाला बोल लावायचा, पोहे खाऊन अख्ख्या शिफ्टनं तो डबा पास केला होता.

आईचा जीव मात्र भांड्यात पडला. 'जाऊ द्या, एका परीनं बरंच झालं,' ती म्हणाली. 'आता पोट्टा प्लांटमंधी जाईन.' सौदा तसाच होता. फोटो नाही, म्हणजे प्लांट. वाद घालायला माझ्याजवळ कॅमेराही उरला नव्हता.

पण बाबा भडकले. माझ्यावर नव्हे, आईवर. 'फोटो नाई आला तो माह्या डब्ब्यानं. गलती माही. मंग त्याची सजा त्याले कावून?' त्यांनी पुन्हा साहेबांचे पाय धरले असतील. मुदत वाढून मिळाली. स्टुडिओवाल्यानं त्याचा एक जुना कॅमेरा मला दिला, वर दोन शिव्या दिल्या. आणि बाबा पुन्हा सायकल काढून जामुलला जायला लागले. या वेळी हसणं नव्हतं, पोहे नव्हते. कोणाला बोलावलंही नाही. काच बाहेरून बसवली, भोकाच्या कडेला कोरलेल्या रुंद पायरीवर, म्हणजे पाणी जितकं दाबेल तितकी ती घट्ट. स्क्रू तरीही जाड घेतले. आणि टेस्टसाठी एक मोठा पाइप आणला, डबा त्यात घातला, दोन्ही तोंडं बंद करून बाहेरून पाणी दाबलं. उघडला, आत हात घालून पाहिलं, पुसलं, पुन्हा बंद करून पुन्हा दाबलं. संध्याकाळ होईस्तोवर तेच चालू होतं. मी 'पुरे झालं' म्हटलं तर म्हणाले, 'तू चूप बस.'

तिसऱ्यांदा मी त्या वाळूवर गुडघे टेकले तेव्हा मला शार्कपेक्षा त्या काचेकडेच जास्त पाहावंसं वाटत होतं. आत कोरडं होतं. खाली पोचलो तरी कोरडं होतं. हळूहळू माझा श्वास ताळ्यावर आला, आणि मग मला खरोखर दिसायला लागलं.

दोन करडे शार्क लांबून फिरत होते, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांसारखे, उगाच. मग ती आली. पहिल्यांदा खालून, वाळूला पोट लावून, मग वळून समोरून. मी फोटो घेतला, फिल्म सरकवली, दुसरा घेतला. ती जवळ येत राहिली. अशा वेळी पळायचं नसतं, वर तर मुळीच सुटायचं नसतं. तोंड तिच्याकडे ठेवायचं आणि जागा सोडायची नाही. मला ते अवघड गेलं नाही, कारण हलावं असं मनात आलंच नाही. तिच्या नाकावरची बारीक भोकं दिसायला लागली. तोंडाच्या कोपऱ्यात एक जुना, गंजलेला गळ अडकलेला होता, कधीतरी कोण्या कोळ्याचा तोडून नेलेला. त्याचं मला फार वाईट वाटलं. मी तिसरा फोटो घेतला, आणि तिनं डबा तोंडात धरला.

चावली म्हणता येणार नाही. लहान मूल जसं वस्तू तोंडात घालून पाहतं तसं. पण तेवढ्यानं मी वाळूवरून मागं सरकत गेलो. माझे दोन्ही हात डब्याच्या मुठींवर, आणि डब्याच्या पलीकडे तिचा जबडा. मग चव आवडली नसावी. तिनं सोडून दिलं, वळली, आणि शेपटीच्या पाण्यानं मला आडवं पाडून निघून गेली. त्या वेळी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगायचं तर आनंद. इतका आनंद मला त्याआधी कशानंच झाला नव्हता.

स्लाइड मी स्वतः धुतली. ओली पट्टी दिव्यापुढं धरली आणि ती तिथं होती: निळ्यातून निघालेलं डोकं, पट्टे, डोळा, आणि तोंडाच्या कोपऱ्यात तो गळ. जर्मननं पाठ थोपटली. तिथं आलेल्या एका पाहुण्यानं मासिकाचा पत्ता दिला.

भिलाईला आलो तेव्हा घरी सणासारखी गर्दी. बाबांच्या शिफ्टचे तेच लोक आले. स्लाइड हातोहात फिरली, प्रत्येकानं खिडकीशी जाऊन एक डोळा मिटून पाहिली. छत्तीसगढी फिटर म्हणाला, 'अब्बड़ सुग्घर, दादा!' म्हणजे फारच सुंदर. काकूंनी विचारलं, यंदा जेवायला काय होतं. बाबांनी स्लाइड पाहिली, 'चांगला आला' म्हणाले, आणि पुढच्याच्या हातात दिली. त्यांना डबा पाहायचा होता.

लोक गेल्यावर ते डबा घेऊन अंगणात बसले. आतून पाहिला, काच पाहिली, खूश दिसले. मग बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवताना थांबले. अ‍ॅल्युमिनियमवर खोल ओरखडे होते, एका रांगेत.

'हे कायचं?'

'दात लागले बाबा.'

'तिचे?'

'हो.'

'अन् तू कोठी होता?'

'डब्याच्या मागं.'

त्यांनी डब्याच्या दोन्ही मुठी धरल्या, मी धरतो तशा. कोपर वाकवले, डबा तोंडासमोर आणला. मग उजवा हात सोडून त्यांनी डब्याच्या कडेपासून स्वतःच्या छातीपर्यंत वीत टाकून पाहिली. दोन वेळा टाकून पाहिली. मग डबा खाली ठेवला.

'पहिला डब्बा फुटला तवा तू वर आला,' ते म्हणाले. 'हा फुटला नाई म्हनून तू तेथंच थांबला. म्या चांगला केला म्हनून.'

मी म्हटलं, 'बाबा, तसं काही नसतं, ती फक्त पाहत होती.' माझं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. आई दारात उभी होती. तिनं त्या ओरखड्यांकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

सौद्याप्रमाणे मी जिंकलो होतो. फोटो आला होता, चांगला आला होता, सगळ्यांनी मान्य केलं होतं. पण हो कोणी म्हणत नव्हतं. बाबा ड्यूटीवर जात, येत, जेवत, पेपर वाचत. प्लांटच्या जॉइनिंगची मुदत जवळ येत होती. एके दिवशी पाहतो तर डबा घरात नाही. बाबा घेऊन गेले, आई म्हणाली. मला वाटलं, संपलं. वितळवून टाकला असेल. मी इतका चिडलो की जेवलो नाही, आणि माझ्याबरोबर आईही जेवली नाही. सरळ जाऊन त्यांना विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.

रविवारी दुपारी बाबा जामुलहून सायकलवर आले. डबा हँडलला बांधलेला होता आणि त्याच्यातून पुढं काहीतरी लांब निघालेलं होतं. स्टेनलेस स्टीलची सळई, माझ्या हाताएवढी लांब. डब्याच्या खालच्या बाजूला जाड पट्टीवर पक्की बसवलेली, सरळ पुढं गेलेली. टोकाला गोल गुळगुळीत गोळी, माशाला लागू नये म्हणून. ती गोळी त्यांनी घासून इतकी चकचकीत केली होती की तिच्यात आमचं अंगण दिसत होतं.

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. 'मासा आला तं पहिले याले लागन. मंग थांबन. तुह्यापासून एवढा दूर राह्यलाच पायजे.'

मी तारेच्या चौकटीला डोळा लावला. सळई बरोबर मधोमध, खालच्या कडेतून वर आलेली. 'बाबा,' मी म्हटलं, 'ही प्रत्येक फोटोत येईल.'

'येऊ दे,' बाबा म्हणाले. 'आता जा.'

मी गेलो. पुढं त्याच कामात राहिलो. त्यावर पोट भरलं, काकूंना सांगण्यासारखं जेवायलाही मिळत गेलं. बाबा रिटायर झाले, नेहरू नगरच्या बाजूला लहानसं घर बांधलं, आणि तिथंच एका सकाळी गेले. कॅमेरे बदलले, डबे बदलले, आता सगळं विकत मिळतं. सळई मात्र तीच आहे. प्रत्येक नव्या डब्याला मी ती बसवून घेतो. माझ्या फोटोंत खाली ती दिसते, आणि संपादक कुरकुर करतात. एकानं तर सांगितलं, एवढी काठी कापून टाका, मग पाहा तुमचे फोटो कुठं जातात. मी त्याला म्हटलं, घ्यायचे तर असेच घ्या. त्यानं नाही घेतले.

अजूनही पाण्यात कधी मोठा शार्क सावकाश समोर येतो, आणि मला पहिल्या वेळेसारखंच वाटतं की अजून थोडं, अजून हातभर पुढं जावं. तेव्हा चौकटीत खालून ती सळई दिसते आणि मी थांबतो. बाबांनी मला समुद्रात जाऊ दिलं ते एवढं अंतर राखून, आणि ते नाहीत म्हणून ते कमी करायला माझं मन धजत नाही.